जाताना साडेआठ तास, येताना साडेतेहेतीस तास?

प्रश्न : आम्ही ठाण्यात चरईत राहतो. मुलगी अमेरिकेत सॅन होजेला असते, तिचं बाळंतपण आहे म्हणून मी आणि हे जानेवारीत निघणार आणि जूनमध्ये परत. तिकीट जावयांनी काढून पाठवलंय, मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, दुबईला विमान बदलायचं. आता तिकिटावर असं लिहिलंय की मुंबईहून शनिवारी पहाटे ४ ला निघायचं आणि शनिवारीच दुपारी साडेबाराला पोचायचं, म्हणजे झाले साडेआठ तास. आणि येताना शुक्रवारी रात्री ९ ला निघायचं आणि रविवारी सकाळी साडेसहाला मुंबई, हे झाले साडेतेहेतीस! एकाच दोन गावांमधलं अंतर एकच असणार ना, मग एवढा फरक कसा? आणि मुलगी म्हणते आई बावीस तास धर, तर ते बावीस कुठून आले? यांना डायबेटीस आहे, इन्सुलिन चालू आहे, त्यामुळे नक्की किती तासांचा प्रवास ते मला कळायलाच हवंय. कुणाला विचारलं की जो तो वेगळा आकडा सांगतो.

उत्तर : ताई, तुमचं गणित चुकलेलं नाही, फक्त तुम्ही दोन वेगळ्या घड्याळांची वजाबाकी केलीत. तिकिटावर निघायची वेळ जिथून निघता तिथली असते आणि पोचायची वेळ जिथे पोचता तिथली. मी ठाण्यात बावीस वर्षं तिकीट बुकिंगचं काम केलंय आणि हा प्रश्न मला दर हिवाळ्यात येतो, आजी-आजोबांकडूनच येतो, आणि तो अगदी योग्य प्रश्न आहे कारण औषधं, जेवण, झोप सगळं त्याच्यावर असतं.

सोप्पं करायचं तर सगळा प्रवास आपल्या इकडच्या वेळेत लिहून काढा. जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं. तुम्ही पोचता तिकडे शनिवारी दुपारी साडेबारा, त्यात साडेतेरा मिळवा, इकडे रविवारचे पहाटेचे २ वाजलेत. शनिवार पहाटे ४ ते रविवार पहाटे २, झाले बावीस. मुलगी बरोबर सांगतेय. साधारण सव्वातीन तास मुंबई ते दुबई, पावणेतीन तास दुबईत, आणि मग सलग सोळा तासांचं मोठं विमान, अशी त्याची फोड होते.

येताना मात्र साडेतेरा धरू नका हं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे, त्यामुळे जूनमध्ये फरक साडेबारा तासांचा असतो. शुक्रवारी रात्री ९ म्हणजे आपल्याकडे शनिवारी सकाळचे साडेनऊ, तिथून रविवारी सकाळी साडेसहापर्यंत एकवीस तास. जाताना बावीस आणि येताना एकवीस, म्हणजे खरा फरक आहे तो एवढा एका तासाचाच. फोन करायच्या वेळाही मार्चमध्ये एक तासाने सरकतील ते जाता जाता सांगून ठेवते, तुम्ही तिकडून इकडे घरच्यांना फोन कराल तेव्हा लागेल.

आता अंतर. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सरळ धरलं तर साधारण १३,५०० किलोमीटर भरतं. पण "सरळ" म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण भिंतीवरच्या नकाशात बघितलं तर वाटतं की मुंबईहून पूर्वेकडे निघायचं, चीन, जपान, पॅसिफिक महासागर ओलांडला की आलं अमेरिका. नकाशावर तशी पट्टी लावून रेघ मारली तर ती रेघ जवळपास १६,१०० किलोमीटरची होते, अडीच हजार किलोमीटर जास्त! कारण पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट, आणि सपाट करताना ध्रुवाजवळचा भाग ताणून ताणून मोठा दाखवावा लागतो. नातवंडांसाठी एखादा पृथ्वीगोल आणायचा विचार असेल तर नक्की आणा आणि त्याच्यावर एक दोरा मुंबईपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत घट्ट ताणून धरा. तो दोरा पूर्वेला जातच नाही, तो जवळजवळ उत्तरेला निघतो, लेहच्या आसपासून वर चीनच्या शिनजियांगमध्ये, मग सैबेरिया, मग आर्क्टिक महासागर, तिथून अलास्का आणि मग कॅनडाच्या किनाऱ्याच्या बाजूने खाली कॅलिफोर्नियात. मी हे पहिल्यांदा दोऱ्याने करून बघितलं तेव्हा कितीतरी वेळ तो गोल हातातून खाली ठेववला नव्हता.

या दोऱ्यामुळे अजून एक गोष्ट कळते. तुम्ही दुबईला जाताय म्हणजे उलट पश्चिमेला जाताय, मग किती लांबचा वळसा झाला असं वाटतं ना? मुंबई-दुबई १,९०० च्या वर थोडं, आणि दुबई-सॅन फ्रान्सिस्को साधारण १३,०००, बेरीज १५,००० च्या आतबाहेर. म्हणजे दीड हजारच जास्त. आणि दुबईहून सॅन फ्रान्सिस्कोची सर्वात जवळची रेघ कुठून जाते माहितेय का, उत्तर ध्रुवापासून साधारण दोनशे किलोमीटरवरून! कारण ही दोन शहरं पृथ्वीच्या जवळपास समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत, एक गोळ्याच्या या अंगाला तर दुसरं बरोब्बर त्या अंगाला, मग डोक्यावरून गेलेलंच जवळ पडतं. त्या उलट सिंगापूरवरून गेलात तर तीच बेरीज साडेसतरा हजारांवर जाते. आणि दिल्लीवरून गेलात तर वळसा जवळपास शून्य, कारण दिल्ली मुंबईच्या त्या दोऱ्याला लागूनच आहे. म्हणून तिकीट बघताना "उलटं का जायचं" असा विचार नकाशा बघून करू नका, गोलावर बघा.

पण विमानं त्या दोऱ्यावरून तंतोतंत जातात असंही नाही, आणि इथेच जो तो वेगळा आकडा का सांगतो त्याचं उत्तर आहे. लेहच्या पलीकडे तिबेटच्या बाजूचं पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंचीवर आहे, आणि विमानातली हवा काही कारणाने कमी झाली तर वैमानिकाला विमान लवकरात लवकर साधारण दहा हजार फुटांपर्यंत म्हणजे तीन हजार मीटरवर खाली आणावं लागतं जिथे माणूस नुसत्या हवेवर श्वास घेऊ शकतो. खाली जमीनच साडेचार हजारावर असेल तर उतरणार कुठे? आणि डोक्यावरच्या मास्कमधला ऑक्सिजन काही मिनिटांपुरताच असतो. म्हणून शक्यतो विमानं त्या भागाला बगल देऊन जातात. मग आहेत देशादेशांतली भांडणं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून रशियाने अमेरिकेच्या आणि युरोपच्या कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, आपल्या आणि आखाती कंपन्यांना नाही. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना खाली अरबी समुद्राकडून वळून जावं लागायला लागलं आणि तास वाढले. मुंबईहून आखाताकडे जाणारी विमानं मुळातच अरबी समुद्रावरून जातात म्हणून आपल्याला त्याची झळ कमी. म्हणजे गावं तीच, दोरा तोच, पण कुठल्या कंपनीचं विमान आहे त्यावरून रस्ता बदलतो.

आणि मग वारा. ठाण्याच्या माणसाला हे खाडीवरून पटकन समजेल. चेंदणी कोळीवाड्यातून ओहोटीच्या पाण्याबरोबर होडी समुद्राकडे सोडली तर ती भराभर जाते, तीच होडी त्याच पाण्यावर उलट आणायची म्हटली तर घाम निघतो, अंतर मात्र तेवढंच. आकाशात दहा ते बारा किलोमीटर उंचीवर तसाच एक वाऱ्याचा प्रवाह असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि हिवाळ्यात त्याचा वेग कधीकधी ताशी तीनशे किलोमीटरच्याही वर जातो. १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानतज्ज्ञाने फुगे सोडून सोडून हा वारा मोजला होता. आपलं म्हणणं जगभर वाचलं जावं म्हणून त्याने ते एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या भाषेत लिहिलं, आणि नेमकं त्यामुळेच फार जणांनी वाचलं नाही. मला या माणसाबद्दल फार वाईट वाटतं, खरंच.

विमान हवेत साधारण ताशी ९०० किलोमीटरने जातं असं धरा. मागून १०० चा वारा असेल तर जमिनीच्या हिशोबाने ते १,००० ने जाणार, समोरून असेल तर ८००. हाँगकाँग-सॅन फ्रान्सिस्को ११,१०० किलोमीटर आहे, जाताना वारा पाठीशी म्हणून अकरा-बारा तास आणि परतताना चौदाच्या पुढे. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं तर मोठं छान उदाहरण आहे. एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, अंतर झालं १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त, आणि तरी ते दोनेक तास लवकर पोचायला लागलं कारण अख्खा रस्ता वारा मागून! म्हणून मी सगळ्यांना सांगते किलोमीटर विचारू नका, तास विचारा. आपण ठाणेकरांनी तर हे विसरूच नये, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ती ३४ किलोमीटर तास-सव्वा तासात, आणि आज इतक्या वर्षांनी विजेवरच्या लोकललाही त्याच ३४ किलोमीटरला तासभराच्या आसपास लागतोच, कारण मध्ये स्टेशनं आहेत, सिग्नल आहेत, पुढे दुसरी गाडी आहे.

तुमच्या रस्त्यावर वाऱ्याचा फरक फारसा नाही, कारण दुबईहून तुम्ही जवळपास सरळ ध्रुवाकडे जाता आणि पलीकडे उतरता, वाऱ्याला आडवं जाता, त्याच्याबरोबर किंवा समोर नाही. म्हणून जाताना सोळा आणि येताना साडेपंधरा.

आता खरं सांगायचं ते. बावीस तास हा विमानतळापासून विमानतळापर्यंतचा आकडा आहे, तुमच्या आणि काकांच्या शरीराला लागणारा आकडा वेगळा. पहाटे ४ च्या विमानासाठी विमानतळावर साडेबारा-एकला पोचायला हवं, म्हणजे चरईतून रात्री साडेअकराला निघा, तेव्हा हायवे मोकळा असतो, सहारला पाऊण तासात पोचता. आणि ही रात्र शुक्रवारची आहे, शनिवारची नाही. हे मी मुद्दाम सांगतेय कारण माझ्यासमोर दोन कुटुंबं अशी गेली आहेत जी तिकिटावर शनिवार वाचून शनिवारी रात्री बॅगा घेऊन विमानतळावर पोचली आणि विमान वीस तासांपूर्वीच गेलेलं. एका आजोबांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही, नातवाच्या मुंजीला निघाले होते. कॅलेंडरवर शुक्रवारच्या चौकटीत लाल पेनने "आज रात्री निघणे" असं लिहा.

तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग आणि बॅगा मिळून दीड तास धरा, आणि सॅन फ्रान्सिस्को विमानतळ ते सॅन होजे पन्नासेक किलोमीटर, एक तास. म्हणजे मुलीच्या घरात पाय ठेवाल तेव्हा तिकडे शनिवारचे दुपारचे ३ आणि इकडे रविवारची पहाट, साडेचार. शुक्रवार रात्री साडेअकरापासून मोजा, एकोणतीस तास. डॉक्टरांकडे जाल तेव्हा बावीस सांगू नका, हे एकोणतीस सांगा, आणि वरचा अख्खा हिशोब भारतीय वेळेत कागदावर लिहून न्या, विमान कधी, दुबई कधी, आणि तिकडचं घड्याळ साडेतेरा तास मागे जाणार हेही. इन्सुलिन कोणतं आणि किती वाजता ते त्यांनीच ठरवायचं, कारण दिवस लांबला की डोसचं गणित बदलतं, आणि हे व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला विचारायचं काम नाही. काकांच्या हातातलं घड्याळ पोचेपर्यंत भारतीय वेळेवरच राहू दे. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत अजिबात नाही, तिथली थंडी आणि बॅग हरवायची शक्यता दोन्ही वाईट, आणि बरोबर डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत. विमानात दर दीड-दोन तासांनी उठून फेरी मारायची, सोळा तास पाय लटकवून बसलं की रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. सीट आत्ताच कडेची घ्या.

दुबईतले पावणेतीन तास पुरेसे आहेत, पण व्हीलचेअर आत्ताच जावयांना कंपनीच्या साईटवर मागायला सांगा, तुम्हाला चालता येत असलं तरी. लाज वाटून घेऊ नका. माझ्याच मावशीचं एकदा सव्वा तासाचं कनेक्शन होतं, पहिलं विमान अर्धा तास उशिरा, मग बस, मग सिक्युरिटीची रांग, आणि तिच्या डोळ्यांदेखत गेट बंद झालं. सत्तरीची बाई रात्रभर खुर्चीत बसली. त्या दिवसापासून ज्येष्ठांसाठी दोन तासांच्या आतलं कनेक्शन मी कुणालाच काढून दिलं नाही, दहा हजार स्वस्त असलं तरी.

आणि पोचल्यावर आठवडाभर स्वतःकडून फार अपेक्षा ठेवू नका. शरीराला नवीन वेळेशी जुळवायला साधारण तासाला एक दिवस लागतो म्हणतात, आणि तुमचा दिवस तर रात्रीच्या जागी गेलाय. बाळंतपणाच्या तारखेच्या निदान दहा-बारा दिवस आधी पोचता आहात ना, ते एकदा बघून घ्या.

प्रश्न : मी ऐरोलीला राहतो, आठवीत आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग हेलिकॉप्टर वर जाऊन नुसतं थांबलं तर खालून अमेरिका यायला पाहिजे ना? एवढं इंधन कशाला जाळतात?

उत्तर : खूप छान विचारलंस. ठाणे-वाशी लोकलमध्ये तू जागच्या जागी उडी मारलीस तर मागच्या डब्यात पडतोस का? नाही, कारण उडी मारतानाही तुझ्यात गाडीचाच वेग असतो. तसंच हेलिकॉप्टरचं आणि आजूबाजूच्या सगळ्या हवेचं. आपल्याकडे, मुंबईच्या अक्षांशावर, जमीन ताशी जवळपास १,५८० किलोमीटरने पूर्वेला पळतेय आणि हवा तिच्याबरोबर पळतेय. हवा थांबलेली असती तर ऐरोलीत कायम ताशी १,५८० किलोमीटरचं वादळ चालू असतं, एकही घर उभं राहिलं नसतं. पण तुझा विचार पूर्ण चुकीचा नाहीये हं. विषुववृत्ताजवळची जमीन सगळ्यात जोरात फिरते, १,६७० ने, आणि ध्रुवाकडे हा वेग कमी कमी होत जातो. गरम हवा वर चढून ध्रुवाकडे निघाली की ती आपला जुना जास्तीचा वेग घेऊनच निघते, मग वरच्या भागात ती खालच्या जमिनीच्या पुढे पळायला लागते, आणि तोच तो पश्चिमेकडून येणारा जेट स्ट्रीम. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा विमानांना मिळतो, फक्त थांबून नाही, त्या वाऱ्यात शिरून.

प्रश्न : खारघरला राहतो. नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय तर परदेशी प्रवासाचे तास कमी होतील का? भाऊ बंगळुरूहून येऊन मुंबईतून पुढे लंडनला जाणार आहे.

उत्तर : हवेतले तास नाही होणार. दोन्ही विमानतळं सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवर आहेत, ते अंतर विमान दोन मिनिटांत कापतं. तुमचा घरून निघायचा वेळ मात्र चांगला वाचेल, खारघरहून सहारला जायचं म्हणजे वाशीचा पूल आणि पुढे कुर्ला-चेंबूरकडची गर्दी आलीच.

पण भावाच्या तिकिटाकडे आजच बघा. नवी मुंबईचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं सुरू झाली, तेव्हापासून "मुंबई" म्हटलं की दोन विमानतळं आली. बंगळुरूचं विमान उतरणार नवी मुंबईत आणि लंडनचं सुटणार सहारहून असं स्वस्तातलं तिकीट कुणी वेगवेगळं काढून दिलं असेल तर बॅगा घेऊन, रस्त्याने, परत चेक-इन करत जावं लागेल, आणि संध्याकाळी तो रस्ता किती वेळ घेतो ते तुम्ही रोज बघताच. तिकिटावर शहराच्या नावाशेजारी तीन अक्षरं असतात, सहारचं बीओएम आणि नवी मुंबईचं एनएमआय. दोन्ही तिकिटांवर एकच कोड असेल तर ठीक. वेगवेगळे असतील तर मध्ये निदान सहा तास ठेवा, नाहीतर बंगळुरूचं तिकीट बदलून घ्या.